कपाटातील पुस्तके आणि घरातील मुले

मध्यमवर्गीय मराठी घरात आजही पुस्तकांचे एक कपाट हमखास आढळते. वरच्या कप्प्यात ज्ञानेश्वरी आणि दासबोध, मधल्या कप्प्यात ‘राजा शिवछत्रपती’, ‘श्रीमान योगी’ आणि ‘मृत्युंजय’, खालच्या कप्प्यात पु. ल. देशपांडे आणि व्यंकटेश माडगूळकर, कोपऱ्यात जुन्या दिवाळी अंकांची चळत. ही पुस्तके आजोबांनी तुटपुंज्या पगारातून पैसे बाजूला टाकून एकेक करून जमविलेली असतात. घरात पाहुणे आले की या कपाटाकडे अभिमानाने बोट दाखविले जाते. परंतु त्याच घरातील आठवीतल्या नातवाला त्यातले एखादे पुस्तक काढून एक पान वाचावयास सांगितले, तर तो पहिल्या चार ओळींतच अडखळतो. मुलगा हुशार असतो. इंग्रजी झरझर वाचतो, संगणक लीलया हाताळतो, घरात सर्वांशी मराठीतच बोलतो. मराठी छापील पान समोर आले की मात्र त्याची गती पहिलीतल्या मुलाची होते. पान अर्धे होण्यापूर्वीच तो पुस्तक मिटतो. आजोबाही काही बोलत नाहीत आणि कपाटाची काच पुन्हा सरकविली जाते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद सर्वत्र साजरा झाला आणि तो रास्तच होता. राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदाही २०२० साली झाला आहे. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस २०१५ पासून महाराष्ट्रात ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि दर्जा सरकार देऊ शकते, वाचक देऊ शकत नाही. वाचक घरात घडतो आणि त्याला घडविण्याचे वय फार लवकर निघून जाते.

दुखणे नेमके कोठे आहे?

‘मुलांना वाचनाची आवडच राहिली नाही’ हे वाक्य आता इतके गुळगुळीत झाले आहे की त्याच्या खरेपणाविषयी कोणी शंकाही घेत नाही. दोष दूरचित्रवाणीला देऊन झाला, आता तो मोबाइलला दिला जातो. मोबाइल निर्दोष नाही. परंतु आवड नसणे आणि वाचता न येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक घरांत पहिलीचे नाव घेऊन दुसरी झाकली जाते.

‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने ग्रामीण भारतात होणारी ‘असर’ ही पाहणी या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारी आहे. दुसरीच्या पातळीचा साधा उतारा वाचू शकणाऱ्या पाचवीतील मुलांचे प्रमाण देशभरात २०१८ साली ५०.५ टक्के होते. करोनाकाळात शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ साली ते ४२.८ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ साली ४८.८ टक्क्यांपर्यंत सावरले. म्हणजे पाचवीत बसलेल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचे पुस्तक धड वाचता येत नाही. याच संस्थेने २०२३ साली १४ ते १८ वयोगटातील मुलांची वेगळी पाहणी केली. त्यांतील सुमारे २५ टक्के मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा सफाईने वाचता आला नाही. ही मुले काही वर्षांत मतदार होणार, नोकरीला लागणार, घर चालविणार. त्यांना वाचनाची आवड लावण्याच्या गोष्टी करण्यापूर्वी त्यांचे वाचन सुलभ करावे लागेल.

शहरी मध्यमवर्गाने हे आकडे वाचून ‘ते खेड्यातले’ असे म्हणून सुटका करून घेऊ नये. इंग्रजी माध्यमातील मुलाची मराठीतील स्थिती फारशी निराळी नसते. किंबहुना त्याची अडचण अधिक अवघड आहे. त्याचे मन तेरा वर्षांचे असते. त्याला रहस्य हवे असते, साहस हवे असते, अंतराळ हवे असते. त्याची मराठी अक्षरांची गती मात्र सहा वर्षांच्या मुलाची असते. त्या गतीला पेलणारी पुस्तके ससा-कासवाची, ती त्याला बालिश वाटतात. मनाला पेलणारी पुस्तके त्याच्या डोळ्यांना पेलत नाहीत. या दोहोंच्या मधल्या दरीत तो मराठी वाचन सोडून देतो.

अक्षर अक्षर जुळवीत वाचणाऱ्या मुलाची सारी शक्ती जुळवणीतच खर्च होते. वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याचा आरंभ विसरलेला असतो. अर्थ हाती लागत नाही, म्हणून गोडी लागत नाही. गोडी नाही म्हणून सराव नाही आणि सराव नाही म्हणून गती नाही. शिवाय देवनागरीचे स्वतःचे काही घाट आहेत, ते चढावेच लागतात. ‘सूर्य’, ‘प्रकाश’ आणि ‘राष्ट्र’ या तीन शब्दांत एकच ‘र’ तीन निरनिराळ्या रूपांत येतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा, हा भेद एका लहानशा खुणेवर उभा आहे. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत केवळ वेलांटीचे अंतर. त्यातच मूल घरात ‘केलं’, ‘सांगितलं’ असे बोलते आणि पुस्तकात त्याला ‘केले’, ‘सांगितले’ असे दिसते. मोठ्यांना हा फरक जाणवतही नाही. ज्याने छापील मराठी कधी कानांनी ऐकलेलीच नाही, त्या मुलाला मात्र ती परकी वाटते.

बेचाळीस रात्री

या दुखण्यावरचा पहिला उपाय सर्वात जुना आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. मोठ्यांनी मुलांना वाचून दाखवावे. पोथी लावण्याची प्रथा ज्या समाजात शतकानुशतके चालत आली, त्या समाजाला श्रवणाचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. श्रावणात एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे, त्यात आजीही असावी आणि नातूही असावा, ही वाचनाची शाळाच होती. निरक्षर माणसालाही त्या शाळेत ग्रंथभाषेची लय अवगत होत असे.

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या काही दिवसांत लिहिली गेली. या पुस्तकातील प्रकरणांना ‘प्रकरण’ असे नाव नाही. त्यांना ‘रात्र’ असे म्हटले आहे. अशा बेचाळीस रात्री आहेत. आश्रमात प्रार्थना झाल्यानंतर श्याम आपल्या सोबत्यांना रोज एक आठवण सांगतो, अशी त्या पुस्तकाची रचना आहे. म्हणजे ते मुळात सांगण्यासाठी आणि ऐकण्यासाठीच लिहिलेले पुस्तक आहे. जेवणानंतर दूरचित्रवाणी बंद करून रोज एक रात्र वाचली, तर दीड महिन्यात एका घराचे एक पुस्तक पुरे होते. पहिल्या आठवड्यात वडिलांनी किंवा आजीने सर्व वाचावे, मुलाने शेजारी बसून ओळींवर नजर ठेवावी. दुसऱ्या आठवड्यापासून एक परिच्छेद मोठ्यांनी आणि एक मुलाने वाचावा. मूल अडखळले तर शब्द हळूच सांगून पुढे जावे. तेथे थांबवून व्याकरण शिकवू नये. दीड महिन्यात मूल पंडित होणार नाही. पण छापील मराठी त्याच्या कानांना परकी राहणार नाही आणि तेवढ्यानेही पुष्कळ काम होते.

आजच्या काही मुलांना ‘श्यामची आई’ फार रडवी वाटते, असे पालक सांगतात. तसे असेल तर आग्रह धरू नये. भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ आहे, दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ आहे. किल्ले हिंडण्याचे वेड असलेल्या मुलापुढे गो. नी. दांडेकरांचे ‘दुर्गभ्रमणगाथा’ ठेवावे. विज्ञानाची ओढ असेल तर डॉ. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा आहेत. सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदाही अशोक जैन यांच्या अनुवादाने मराठीत आलेला आहे. आरंभालाच मदत हवी असेल, तर माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेले ‘वाचू आनंदे’चे भाग आहेत. त्यांत बालांसाठी आणि कुमारांसाठी निरनिराळे वेचे निवडलेले आहेत. पुस्तके नाहीत ही तक्रार खरी नाही. मुलाचा कल पाहून त्याच्या हाती योग्य पुस्तक देणारा माणूस घरात नाही, ही तक्रार खरी आहे.

तात्पर्य विचारू नये

मराठीने मुलांच्या वाचनाचा विचार फार पूर्वी केला. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली ‘बालबोध’ हे मासिक सुरू केले. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली ‘आनंद’ काढले. मासिकाचे हे नाव बोलके आहे. मुलांना वाचनातून ज्ञान मिळावे, सद्गुण मिळावेत, ही आपट्यांची इच्छा होतीच; पण दारावरची पाटी त्यांनी आनंदाची लावली. पुढे १९७१ साली बालभारतीने ‘किशोर’ सुरू केले आणि त्याने खेड्यापाड्यांतील शाळांपर्यंत चांगले लेखक नेऊन पोहोचविले. ‘किशोर’चे जुने अंक आज महाजालावर विनामूल्य वाचता येतात. ज्या मोबाइलच्या नावाने पालक बोटे मोडतात, त्याच मोबाइलवर ही दौलत उघडता येते, याची मात्र फारच थोड्यांना कल्पना आहे.

संस्काराची तळमळ असलेल्या घरांत येथेच एक चूक वारंवार होते. मुलाने गोष्ट वाचून संपविली की लगेच विचारले जाते, ‘यातून काय शिकलास?’ या एका प्रश्नाने गोष्टीचा धडा होतो आणि वाचनाची परीक्षा होते. चांगली गोष्ट आपले काम मुकाट्याने करीत असते. शिवचरित्र वाचून भारावलेल्या मुलाला शौर्याची व्याख्या विचारण्याची आवश्यकता नसते. त्याला दुसऱ्या दिवशी पुरंदरला नेणे अधिक उपयोगाचे. विचारायचेच असेल तर ‘तुला कोणता प्रसंग आवडला? तू त्याच्या जागी असतास तर काय केले असतेस?’ असे विचारावे आणि उत्तर धीराने ऐकावे. न आवडलेले पुस्तक अर्ध्यावर सोडण्याचीही मुलाला मुभा असावी. मोठी माणसे ती मुभा स्वतःला रोज घेतच असतात.

निवडीच्या बाबतीतही थोडे मोठे मन ठेवावे लागेल. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड पाठ्यपुस्तकात दडवून वाचणाऱ्या मुलांनी त्या काळी घरात बोलणी खाल्ली. पण त्यांतलेच कितीतरी पुढे ग्रंथालयांचे पक्के सभासद झाले. रहस्यकथा, विनोद, क्रिकेट, चित्रकथा या वाचनाच्या खालच्या पायऱ्या आहेत. त्यांवर पाय ठेवल्याशिवाय ‘बनगरवाडी’पर्यंत कोणी पोहोचत नाही. अश्लील व विकृत मजकुरापासून मुलांना दूर ठेवणे हे पालकांचे कर्तव्यच आहे. परंतु हलकेफुलके आणि वाईट यांत फरक आहे, तो ओळखता आला पाहिजे.

निबंधाची रड

वाचनाहून लेखनाची अवस्था अधिक केविलवाणी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जानेवारी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. ‘निबंध’ या शब्दाने त्या काळी महाराष्ट्र हलविला. तोच शब्द आज शाळकरी मुलाच्या अंगावर काटा आणतो. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ आणि ‘मी पंतप्रधान झालो तर’ हे विषय वर्षानुवर्षे फिरत राहतात. पूर्वी मुले मार्गदर्शक पुस्तकांतून निबंध उतरवीत, नाही तर आई सांगे आणि मूल लिही. आता कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणार्धात निर्दोष निबंध हाती ठेवते. गुणपत्रिकेला त्याने काही बाधा येत नाही. बाधा येते ती मुलाला. लिहिता लिहिताच माणसाला आपल्याला काय वाटते ते उमगते. ज्याचे लेखन नेहमी दुसऱ्यानेच केले, त्याचा विचारही हळूहळू दुसराच करू लागतो. जाहिरात, अफवा आणि भडक भाषण यांपुढे असा तरुण निःशस्त्र असतो.

मूल लिहीत नाही याचे मुख्य कारण असे की त्याच्या लेखनाला वाचकच नसतो. शिक्षक ते तपासतात, वाचत नाहीत. साठ वह्या हातावेगळ्या करणाऱ्या शिक्षकाला त्यात दोषही देता येत नाही. घराला मात्र मुलासाठी वाचक मिळवून देता येतो. गावी राहणाऱ्या आजीला दर पंधरा दिवसांनी एक पत्र जावे आणि आजीचे उत्तर यावे. आजोबांच्या नोकरीच्या पहिल्या दिवसाची हकीकत मुलाने त्यांना विचारून लिहून काढावी. सहलीहून आल्यावर खर्चासह वृत्तान्त लिहावा. आईच्या पुरणपोळीची कृती अशी लिहावी की ती वाचून परगावच्या आत्याला पोळी करता यावी. हे सारे लेखनच आहे आणि त्यात नकल चालत नाही, कारण आजीची हकीकत कोणत्याही मार्गदर्शकात छापलेली नसते.

साने गुरुजी अमळनेरला शिक्षक असताना छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत. मुले सकाळी त्याची वाट पाहत. आपल्याच छात्रालयातील गोष्टी आपल्याच भाषेत लिहिलेल्या पाहण्याचे सुख त्यामागे होते. हस्तलिखिताची ही प्रथा अनेक शाळांनी पुढे चालविली. आता ती बरीच मंदावली आहे. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि महाराष्ट्राला दिवाळी अंकांची परंपरा लाभली. प्रत्येक सोसायटीने, प्रत्येक वाड्याने मुलांचा एक हस्तलिखित दिवाळी अंक काढावयास काय हरकत आहे? संपादक नववीतली मुलगी, चित्रे सहावीतल्या मुलाची, मुलाखत सोसायटीच्या वृद्ध रखवालदाराची. दिवाळीच्या पहाटे सर्वांसमक्ष प्रकाशन. ज्या मुलाला शाळेत दहा ओळी जड जातात, तोही आपले नाव अंकात यावे म्हणून दोन पाने लिहील.

मुलांचे लेखन सुधारतानाही तारतम्य हवे. लाल शाईने पान माखले की मूल पुढच्या वेळी कमी लिहिते, कारण कमी लिहिले की चुका कमी होतात. एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवावी. या महिन्यात ऱ्हस्व-दीर्घ, पुढच्या महिन्यात विरामचिन्हे. प्रथम चांगल्या वाक्याखाली रेघ ओढावी, मग चुकीकडे वळावे. थोड्या मोठ्या मुलांसाठी माधुरी पुरंदरे यांचे ‘लिहावे नेटके’ हे पुस्तक घरी असावे. मराठी लेखनाचे नियम त्यात खेळकर रीतीने उलगडून दाखविलेले आहेत आणि ते मुलांइतकेच पालकांच्याही उपयोगी पडेल.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर वाटोळे, सरळ व मोकळे असावे, ओळी सारख्या असाव्यात, ग्रंथाचे पहिले अक्षर आणि अखेरचे अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, इतक्या बारकाईने त्यांनी सूचना केल्या आहेत. परमार्थ सांगणाऱ्या ग्रंथात अक्षराच्या वळणाची चर्चा का यावी, याचा विचार करण्यासारखा आहे. वाचणाऱ्याला त्रास होऊ नये हा त्यामागचा भाव आहे. लेखन दुसऱ्यासाठी असते, ही जाणीव मुलाला झाली की अक्षरही सुधारते आणि वाक्यही.

घराबाहेरचे अंगण

ज्या घरात पुस्तकांचे कपाटच नाही, तेथील मुलांचे काय? कार्यकर्त्यांचे काम येथून सुरू होते. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्राने १९६७ सालीच केला आणि राज्यात आज शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या दहा हजारांहून अधिक आहे. पण वस्तीतले मूल बहुधा ग्रंथालयाची पायरी चढत नाही. म्हणून ग्रंथालय त्याच्याकडे गेले पाहिजे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेने पुस्तकांच्या पेट्या लोकांपर्यंत पोहोचविल्या आणि परदेशांतील मराठी कुटुंबांपर्यंतही त्या गेल्या. सातारा जिल्ह्यातील भिलार हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाते. तेथे गावकऱ्यांनी आपल्या घरांचे दरवाजे पुस्तकांसाठी आणि वाचकांसाठी उघडले. एका गावाला जे साधले, ते एखाद्या आळीला अगदीच असाध्य नाही.

रविवारी सकाळी मंदिराच्या सभामंडपात सतरंजी अंथरावी, पन्नास पुस्तके मांडावीत, एका कार्यकर्त्याने अर्धा तास मोठ्याने गोष्ट वाचावी आणि उरलेला अर्धा तास मुलांनी हवे ते चाळावे. पुस्तक घरी नेण्याची मुभा असावी. काही पुस्तके फाटतील, काही परत येणार नाहीत. त्याचा हिशेब खर्चात धरावा. कपाटात जपून ठेवलेल्या कोऱ्या पुस्तकापेक्षा दहा हातांतून फिरून फाटलेले पुस्तक कितीतरी पटींनी सार्थकी लागलेले असते. महाविद्यालयीन तरुणांना आठवड्यातील हा एक तास मुळीच जड नाही. खंड मात्र पडता कामा नये. दोन रविवार उत्साहाने चालून तिसऱ्या रविवारी बंद पडलेले वाचनालय मुलांना पुस्तकांपासून अधिकच दूर नेते.

उरतो तो प्रश्न वेळेचा. दिवसभर नोकरी, प्रवासाची दगदग आणि मुलांच्या शिकवण्या यांतून वाचनाला वेळ कोठून आणायचा, हे पालकांचे म्हणणे खोटे नाही. इंग्रजीवाचून पुढे निभाव लागणार नाही, ही त्यांची चिंताही समजण्यासारखी आहे. परंतु एका भाषेत अर्थ लावून वाचण्याची लागलेली सवय दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते. मातृभाषेतील वाचनाने इंग्रजीचे काही नुकसान होत नाही. आणि वेळेचा हिशेब प्रत्येकाने रात्री झोपण्यापूर्वी स्वतःशीच करावा. ज्या घरात वडील स्वतः कधी पुस्तक हाती धरीत नाहीत आणि आईचाही डोळा मोबाइलवरून हलत नाही, तेथे मुलाला ‘वाच’ म्हणून सांगण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो? मुले सांगितलेले विसरतात, पाहिलेले विसरत नाहीत.

आजोबांनी ते कपाट भरले तेव्हा ही पुस्तके पुढे नातवाच्या हाती जातील, अशीच त्यांची समजूत होती. ती समजूत खरी करणे अजून शक्य आहे, कारण वाचून दाखविणारे आजी-आजोबा बहुतेक घरांत अजून आहेत. आणखी दहा-पंधरा वर्षांनी कपाट असेल, नातू असेल. मधला वाचून दाखविणारा आवाज नसेल. तेव्हा आज रात्री जेवणे आटोपल्यावर कपाटाची काच सरकवावी, एक पुस्तक काढावे आणि पहिले पान मोठ्याने वाचावयास आरंभ करावा.